रेवेत घालू नको गो: मालवणातल्या भाड्याच्या स्कूटरचे आठ महिने

आधीच सांगते, ही गाडी दोन दिवसांच्या पर्यटकाने घेऊ नये. शनिवारी तारकर्लीला येऊन रविवारी रात्री परतायचं असेल तर सरळ रिक्षा ठरवा, नाहीतर नव्या गाड्या ठेवणारे बरेच आहेत, त्यांच्याकडे जा. हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या बदलीवाल्यांसाठी. महिनोन्महिने राहायचंय, ओळख कुणाची नाही, रविवारी खोलीत बसवत नाही, अशांसाठी.

मी बँकेत आहे. गेल्या ऑक्टोबरात बदली होऊन मालवणला आले. गाव दर्यापूर, जिल्हा अमरावती. गावाच्या नावातच दर्या, पण खरा दर्या पाहिला तो वयाच्या २७ व्या वर्षी, कुडाळ स्टेशनवरून मालवणला येऊन, पाठीवर बॅग तशीच ठेवून. पहिले पंधरा दिवस एसटी आणि पाय. मग घरमालकीण काकी म्हणाल्या, त्यांच्या ओळखीत एक गॅरेजवाले काका जुन्या स्कूटर महिन्यावर देतात.

गाडीची पाटी काळी, आकडे पिवळे. भाड्याच्या गाडीची खूण तीच, त्यामुळे कागदपत्रांची काळजी नाही. महिन्याला ४,५०० रुपये, ३,००० अनामत. टाकीत पेट्रोल इतकंच की झाकण उघडल्यावर वास यावा. हेल्मेट एक मिळालं, त्याचा पट्टा तुटका. डावा आरसा मान टाकलेला, त्यात मागची वाहनं दिसत नाहीत, आभाळ दिसतं. मी ह्या तिन्ही गोष्टी बोट लावून दाखवल्या. काकांनी तिन्ही शांतपणे पाहिल्या, आणि चावी हातात देताना एकच नियम सांगितला.

"रेवेत घालू नको गो बाय. बाकी खंयव ने."

रेव म्हणजे रेती, वाळू, हे मला नंतर कळलं. केव्हा आणि कसं, ते पुढे येईलच.

सुरुवात ब्रेकपासून करते. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. त्यापलीकडे जमीन चुलीवरच्या तव्यासारखी सपाट. इथे प्रत्येक गावाला एक घाटी असते, आणि घाटीच्या तळाशी एक वळण, आणि वळणावर एक गाय. गाय पर्यटकांची सवय झाल्यासारखी बघते. ह्या गाडीचा मागचा ब्रेक दाबला की गाडी आधी थोडा विचार करते. पुढचा दाबला की विचार न करता थांबते. दोन्ही एकदम, हळू, वरूनच दाबत यायचं हे शिकायला मला दोन घाट्या आणि एक चिऱ्याचा गडगा लागला. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, काही झालं नाही. जांभा दगड आहे तो, घरं उभी करतात त्याची. माझ्या कोपराला झालं. तरीही ब्रेकला मी पाचपैकी तीन देईन, कारण नंतर काकांनी विनातक्रार नवे लायनर टाकून दिले आणि पैसे घेतले नाहीत. तक्रार मात्र मी स्वतः जाऊन करावी लागली. फोनवर ते फक्त "बघूया" म्हणतात. इथे "बघूया"चा अर्थ नाही असा होतो, हे नव्या माणसाने लिहून ठेवावं.

सीट काळी आहे. दुपारी दोन वाजता बँकेबाहेर उभ्या गाडीवर बसणं म्हणजे काय ते मी शब्दात सांगत नाही. ऊन आम्हाला नवं नाही बाप्पा, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पण आमचं ऊन कोरडं, ते चटका देऊन मोकळं होतं. इथलं ऊन भिजवून उकडतं. पहिल्या आठवड्यात मी वऱ्हाडातल्या सवयीप्रमाणे दुपट्टा डोक्यापासून नाकापर्यंत गुंडाळून, वर गॉगल लावून, मासळी बाजारात गेले. आमच्याकडे प्रत्येक कॉलेजची पोरगी अशीच फिरते. इथे एका मावशीने सुरमईवरचा हात काढून पाटीवर ठेवला आणि विचारलं, "खयसून इलंस?" मी दर्यापूर म्हटलं. ती म्हणाली, दर्यावरून सगळेच येतात, गाव सांग. शिवाय दुपट्ट्याच्या आत दहा मिनिटांत माझंच सांबार झालं होतं. तेव्हापासून टोपी.

आता रेव.

नोव्हेंबरातला रविवार, संकष्टी. माझा उपास होता. म्हटलं, उपासाला खोलीत पडून राहण्यापेक्षा तोंडवळी-तळाशीलकडे जाऊन येऊ. आचऱ्याच्या रस्त्याला लागायचं आणि पुढे किनाऱ्याकडे वळायचं. तळाशीलला जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधे माड आणि घरं. तोंडवळीला सुरूची झाडं. साडेदहाला पोचले तर पाणी पार आत गेलेलं. ओली वाळू फरशीसारखी कडक, वर लाटांच्या बारीक रेघा. माणूस नाही. मी केलं काय, तर गाडी सरळ खाली नेली, पाण्याच्या तोंडाशी साइड स्टँडवर लावली आणि फोटो काढला. लाल स्कूटर, निळा समुद्र. आईला पाठवला. मग शिंपले वेचत चालत निघाले, ती चालतच राहिले.

एकच्या सुमाराला परत येताना लांबून गाडी दिसली. ती वाकली होती. जवळ आले तसं कळलं की लाट येते, परत जाते, आणि जाताना स्टँडखालची वाळू चमचा-चमचा घेऊन जाते. स्टँड बोटभर रुतलं, गाडी थोडी कलली. परत लाट, परत चमचा. मी धावले तोवर पाणी सायलेन्सरपर्यंत आलं होतं. हँडल धरून ओढलं तर मागचं चाक आणखी खाली. माय वो! उपाशीपोटी मी जी ओरडले.

शंभरेक पावलांवर रापण चालली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडून येतात, आणि मग दोन टोकांचे दोर दोन टोळ्या तासन्‌तास ओढत राहतात. दोर मधेच सोडता येत नाही. त्यामुळे आधी जाळं की आधी माझी गाडी, यावर त्यांच्यात दोन मिनिटं चर्चा झाली, आणि ती दोन मिनिटं मला फार मोठी वाटली. शेवटी सहा जण आले. एकाने वाळूत हात घालून चाक मोकळं केलं, बाकीच्यांनी गाडी चक्क उचलली, बकरी उचलावी तशी, आणि वर सुरूच्या सावलीत नेऊन ठेवली. एक शब्द बोलले नाहीत, आणि परत दोराला लागले.

बोलली ती त्यांच्यातली एक आजी. ती मासे निवडायला पाटी घेऊन बसली होती.

"आज तिथ कितवी गो?"

म्हटलं, चतुर्थी, संकष्टी आहे आज.

"चार पाऊण?"

मला काही कळेना. तिनेच पाढा म्हटल्यासारखं सांगितलं, "चार पाऊण तीन. तीनाक भरती."

हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या आसपास. त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. घड्याळाचा काटा नव्हे, अंदाज आहे, पण पोटापाण्याला पुरतो. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, कारण चंद्रच तेवढा उशिरा येतो. मी मात्र सकाळपासून त्याच चंद्राची वाट बघत उपाशी, तिथी मला तोंडपाठ. तिचा हिशेब तेवढा ठाऊक नव्हता. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव-अर्ध्या-पाऊणचे पाढे सगळे येत होते. आम्ही त्यांना हसायचो, कॅल्क्युलेटर आहे म्हणून.

मी पैसे देऊ केले, कुणी घेतले नाहीत. उलट जाळं आल्यावर आजीने चार बांगडे माझ्या डिकीत टाकले. मी सांगत होते की उपास आहे. ती म्हणाली, मग उद्या खा.

आता डिकी. डिकी मोठी आहे, एक हेल्मेट आणि दोन किलो कांदे मावतात. पण झाकणाला रबर नाही, त्यामुळे पाणी आत जातं आणि वास बाहेर येतो. त्या बांगड्यांचा वास पुढचे तीन आठवडे माझ्याबरोबर बँकेत येत होता. पार्किंगमध्ये सीटवर रोज वेगळं मांजर. काकींच्या सांगण्यावरून आमसुलाच्या पाण्याने धुतली, तेव्हा वास निम्मा झाला. उरलेला निम्मा मी स्वीकारला. बांगडे मात्र काकींनी तिरफळ घालून केले होते. तिरफळाचा दाणा चावायचा नसतो, हेही मला चावल्यावर सांगण्यात आलं. जीभ अर्धा तास बधिर. चवीला पाच, डिकीला दोन.

तर, गाडी सुरू होईना. तळाशीलच्याच एका घरच्या विहिरीचं पाणी बादल्या-बादल्या ओतून तिला धुतलं, काकांना फोन केला. त्यांनी "बघूया" म्हटलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. तासाभरात टेम्पो घेऊन आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून ब्रेकच्या तारेवर बोट फिरवलं, ते बोट जिभेला लावलं, आणि म्हणाले, "रेव." पुढे काही नाही. कार्बोरेटर सोडवणं, ऑइल बदलणं, पुढच्या चाकाचं बेअरिंग मिळून १,१०० रुपये अनामतीतून कापले. रास्त होते. पावती मागितली तर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला, त्याची वजाबाकी आहे. पण त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात गोड्या पाण्याने गाडी धुवायची असा दंडक पडला, आणि तो दंडक होता म्हणूनच ही गाडी मे महिन्यापर्यंत टिकली. इथल्या हवेतच मीठ आहे. आठवडाभर न धुतलेल्या गाडीच्या नटाला बोट लावा, तांबडं होतं.

गोड्या पाण्यावरून आठवलं. ह्याचा गाडीशी संबंध इतकाच की मी ती जेटीवर लावून गेले, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि विहिरीचं पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला द्यावं तर जमीन पांढरी पडते. लहानपणी पाहुण्यांकडे अकोटला गेलो की आम्ही पोरं आधी पाणी प्यायचो. आणि इथे सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, तीन वर्षांत उभा केलेला, चारही बाजूंनी समुद्र. आत तीन विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. नावं ऐकून मला वाटलं, कौतुकाची असतील. किल्ल्यात राहणाऱ्या एका काकूंनी तांब्या दिला. पाणी गोड. तटाच्या पलीकडे लाट आपटते त्याचा आवाज ऐकू येतोय आणि तांब्यात गोड पाणी.

तिथूनच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "समुद्रात गोळ पानी? काहून मजाक करून रायली बापासंग?"

मी बाटली भरून घेतली. होळीला घरी गेले तेव्हा बाबांनी ती आधी उजेडात धरली, मग वास घेतला, मग अर्धं झाकण प्याले, आणि उरलेली देवघरात ठेवली. अजून तिथेच आहे, पिऊ नका म्हणून सांगितलंय.

हेडलाइट. ह्या विभागात शून्य द्यायला हवं, पण देत नाही, ऐका. डिसेंबरात नेरूरपारच्या पुलापलीकडच्या एका गावच्या जत्रेला जायचं होतं, दशावतार बघायला. निघाले उजेडात, पण मार्गशीर्षातला दिवस, पुलावर येईतो अंधार पडला, आणि दिवा एकदा मिणमिणून गेला तो गेलाच. दोन्ही बाजूंना झाडी, पलीकडे कर्ली नदीचं काळं पाणी. रस्त्याच्या कडेला थांबून रडावं की ढकलावं ह्या विचारात असताना मागून एक टेम्पो आला. वर पेटारे, पायपेटी, पखवाज. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसाने खिडकीतून डोकं काढलं. भुवया कोरलेल्या, गालावर रंगाचा पहिला हात. त्याने मला विचारलं, "जत्रेक?" मी मान हलवली. "मागसून ये." मी त्या टेम्पोच्या लाल दिव्यामागे पाच-सहा किलोमीटर गेले. पुढे दोन तासांनी तोच माणूस रंगमंचावर राणी होऊन आला, नऊवारी, नथ, गळाभर दागिने, आणि एका साध्या बाकड्याकडे अशा डौलाने गेला की ते सिंहासनच झालं.

दिवा नाही म्हणजे परतता येत नाही. म्हणून मी आख्खी रात्र बसले. मधेच उठून गेलेले सहकारी सांगतात की सुरुवातीला येणारा संकासुर राक्षस पाहिला की पुरे. त्यांनी पहाटेचा भाग पाहिलेलाच नाही. संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलेल त्यावर उत्तर द्यायचं. तीन वाजता राजा आणि राणी असे भांडत होते की शेजारची म्हातारी राणीच्या बाजूने मधे बोलली, आणि राणीने तिला उत्तरही दिलं. उजाडता दहीहंडी फुटली, काला मिळाला. हेडलाइटला पाचपैकी चार. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. दिवा मात्र दुसऱ्याच दिवशी बदलला.

मायलेजचं विचारत असाल तर, देवबागच्या टोकाला उभं राहा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. समोर भोगव्याचा किनारा, इतका जवळ की तिकडच्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा ते दिसतं. मी जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना विचारलं, भोगवे किती लांब? ते वर न बघता म्हणाले, "व्हडयेन पाच मिनटा, गाडयेन दीड तास." होडीने पाच मिनिटं! मला वाटलं थट्टा. नव्हती. मालवणला मागे या, चौके, नेरूरपारचा पूल, परुळे, आणि मग खाली समुद्राकडे. दीड तासाने भोगव्याला पोचून मी देवबागकडे बघितलं. आजोबा तिथेच होते, जाळं विणत. मी हात केला. त्यांनीही केला, पण मला ओळखून की माशी हाकलली, सांगता येत नाही. त्या दिवसात पेट्रोलचा काटा जेमतेम पाव टाकी उतरला. मायलेज उत्तम आहे. सीट दीड तासाची नाही.

सेल्फ स्टार्ट दमट सकाळी चालत नाही, किक मारावी लागते, आठवी-नववी लागते. हॉर्न ठीक. मालवणच्या बाजारातल्या गल्लीत त्याचा उपयोग नाही, तिथे लोक हॉर्नला नव्हे, "वायच सरकता?" ह्याला बाजूला होतात.

घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढं: अनामत परत मिळायला मला बारा दिवस लागले, चार खेपा झाल्या. आधीपासूनचे ओरखडे फोनमध्ये टिपून ठेवा. हेल्मेट स्वतःचं घ्या. जून ते सप्टेंबर गाडी मिळत नाही, पावसात ते कुणालाच देत नाहीत. त्याच सुमाराला किल्ल्याच्या होड्याही बंद असतात आणि जून-जुलै यांत्रिक मासेमारीही, त्यामुळे गाव तसंही घरात बसतं.

मेच्या शेवटच्या रविवारी गाडी परत द्यायला गेले. आकाश नैऋत्येकडून भरून आलेलं, काकांच्या अंगणात ताडपत्री ताणायचं काम चालू. मी शेवटचं धुतलं, पुसलं, चावी दिली. त्यांनी पाय ठेवायच्या जागेवरचं रबर उचललं. खाली ओंजळभर वाळू. तळाशीलची काळपट, देवबागची पांढरी, भोगव्याची जाड, सगळी एकात.

ते बघत राहिले. मी म्हटलं, काका, त्या एका दिवसानंतर मी रेवेत घातली नाही, शपथ.

"मगे ही चलत इली?" म्हणाले, आणि रबर पालथं करून अंगणात झटकलं. पुढच्या ऑक्टोबरसाठी मी नाव सांगून ठेवलंय. "बघूया" म्हणालेत.